जुनी केबिन क्रूझर: पाणी कुठून शिरतं ते आधी शोधा

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीच्या बार्नेगॅट बेपासून खाली चेसापीकपर्यंत सगळ्या मरिनांमध्ये होड्या पाण्याबाहेर काढून लोखंडी तिकाटण्यांवर चढवल्या जातात. त्यातल्या बऱ्याच होड्यांवर 'विकणे आहे'ची पाटी लागते, कारण पुढचे सहा महिने भाडं भरायचं तर आत्ताच विकून मोकळं व्हावं असं मालकाला वाटतं. १९८५ ते २००० या काळातली, पंचवीस ते अठ्ठावीस फुटी, आत दोघांना झोपता येईल अशी केबिन, छोटं स्वयंपाकघर, संडास आणि मागे एक पेट्रोल इंजिन असलेली क्रूझर आठ ते पंधरा हजार डॉलरला मिळते. तशीच नवी घ्यायची तर आकडा लाखाच्या पुढे जातो. हा फरक बघून मोह पडतो, आणि तो पडण्यात चूक काहीच नाही. चांगली जुनी क्रूझर मिळू शकते. फक्त ती शोधताना नजर कुठे ठेवायची ते कळलं पाहिजे.

गाद्या, टीव्ही, नवे स्पीकर यांच्याकडे बघू नका. जुन्या होडीत जे जे महाग बिघडतं, ते पाणी नको तिथे शिरल्यामुळे बिघडतं. डेकच्या आत पावसाचं पाणी, इंजिनात खारं पाणी, गिअर ऑइलमध्ये पाणी, पेट्रोलमध्ये पाणी, वायरच्या तांब्यात पाणी. म्हणून होडी बघायला जाल तेव्हा प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं: इथे पाणी कुठून आलं असतं आणि आलं असेल तर त्यानं काय केलं असेल?

इथे मी फक्त एका जातीबद्दल लिहितो आहे: फायबरग्लासची होडी, आत एकच ५.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, आणि मागच्या फळीतून बाहेर आलेला स्टर्नड्राइव्ह, म्हणजे पाण्यातला प्रोपेलर फिरवणारा पाय. या भागात सर्वांत जास्त हीच दिसते. दोन इंजिनांची होडी पहिल्यांदा घेणाऱ्यानं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक खर्च दुप्पट होतो, आणि इंजिनघरात दोन इंजिनांच्या मध्ये हात घालायला जागा उरत नाही.

टिचकी मारून बघणं

फायबरग्लास कुजत नाही, हे खरं. पण त्या काळच्या बहुतेक होड्यांत फायबरग्लासच्या दोन पापुद्र्यांमध्ये लाकूड आहे. डेकमध्ये बाल्सा किंवा प्लायवूड, तळातल्या लांब तुळयांमध्ये म्हणजे स्ट्रिंगरमध्ये प्लायवूड, आणि मागच्या फळीत म्हणजे ट्रान्सममध्ये जाड प्लायवूड. कारखान्यात किंवा नंतर कुणीतरी रेलिंग, शिडी, अँटेना, झडप बसवताना स्क्रू मारतो, भोवतालचं सीलंट दहा-पंधरा वर्षांत सुकून तडकतं आणि पावसाचं पाणी स्क्रूच्या आट्यांवरून थेट लाकडात उतरतं. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यानं लाकूड जास्त लवकर कुजतं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. म्हणून वर्षभर समुद्रात उभी असलेली होडी तळापेक्षा डेकमध्ये जास्त कुजलेली सापडते.

माठ घेताना जशी टिचकी मारून बघतो, तशी होडी बघायची. प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घ्या. धड भागावर आवाज टणक, कोरडा येतो. कुजलेल्या किंवा पापुद्रा सुटलेल्या भागावर तो बसका, थपथपीत येतो. डेकवर दर चार इंचांवर ठोकत जा आणि आवाज बदलेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. रेलिंगचे पाय, नांगराचं विंच, खिडक्यांच्या कडा, डेकवरची हॅच, इथे खास लक्ष द्या. अर्ध्या तासात टेपचे तुकडे मिळून ओलीचा नकाशा तयार होतो आणि मालकाशी भावाची बोलणी करताना दाखवायला हातात काहीतरी असतं.

ट्रान्समवर जास्त वेळ घालवा. ड्राइव्हसाठी कापलेल्या भोकाच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या बारीक तिरक्या भेगा, पोहण्याच्या फळीच्या ब्रॅकेटखाली उतरलेले तपकिरी ओघळ, पाणी सोडण्याच्या बुचाभोवती फुगलेला भाग, ही सगळी आत लाकूड गेल्याची लक्षणं. मालकाची परवानगी घेऊन ब्रॅकेटचा खालचा एक स्क्रू काढा. कोरडा निघाला तर उत्तम. चहाच्या रंगाचं पाणी पाझरलं, किंवा आट्यांना काळा, ओला, तंबाखूच्या चोथ्यासारखा भुसा चिकटून आला, तर ट्रान्सम गेला समजा. मग इंजिनघरात उतरा आणि इंजिन ज्यांवर बसलंय त्या पायांचे लॅग स्क्रू पान्यानं हलकेच आवळून बघा. स्क्रू जागच्या जागी नुसता फिरत राहिला तर स्ट्रिंगरच्या आत लाकूडच उरलेलं नाही.

ओल मोजायचं मीटर वापरायला हरकत नाही, पण नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या होडीच्या तळावर ते सगळीकडेच ओल दाखवतं, आणि तांबं असलेल्या तळाच्या रंगावरही ते फसतं. होडी बाहेर काही दिवस सुकू द्या, आणि आकड्यापेक्षा शेजारच्या दोन जागांमधला फरक बघा.

ट्रान्सम किंवा स्ट्रिंगर गेलेली होडी घ्यावी का? घेऊ नये. ट्रान्सम बदलायचा म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह काढणं, आतला पापुद्रा कापणं, कुजकं लाकूड छिन्नीनं खरवडणं, मरीन प्लायवूडचे थर इपॉक्सीत चिकटवून पुन्हा वर फायबरग्लास चढवणं. मर्कुझर कंपनीच्या ड्राइव्हला ट्रान्समची जाडी २ ते सव्वादोन इंचच लागते, आणि आतली-बाहेरची बाजू इंचाच्या आठव्या भागाहून जास्त फरक न पडता समांतर लागते, म्हणजे अंदाजपंचे काम चालत नाही. यार्डात दिलं तर या एका कामाचं बिल होडीच्या किमतीच्या वर सहज जातं. डेकवरचे दोन-चार मऊ डाग मात्र घरच्या घरी दुरुस्त होतात. त्याबद्दल खाली येतोच.

इंजिन: थंड असतानाच बघा

मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर का ते विचारा. ऑइलची काडी काढून बघा. दुधाळ, कॉफीच्या रंगाचं ऑइल म्हणजे ब्लॉकमध्ये पाणी. इथल्या हिवाळ्यात याचं नेहमीचं कारण एकच: शरद ऋतूत ब्लॉकमधलं पाणी काढायचं राहिलं, गोठताना ते जवळजवळ ९ टक्के फुगलं आणि ओतीव लोखंड तडकलं. तडा बहुधा ब्लॉकच्या बाजूला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली, लांब आडव्या रेषेत असतो. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन दोन्ही बाजू बघा. तिथे राखाडी इपॉक्सी पुटीची रेघ किंवा एकाच पट्ट्यात ताजा रंग दिसला तर काय झालंय ते कुणी सांगायची गरज नाही.

कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं, करवूनच घ्या. आठही स्पार्क प्लग काढायचे, इग्निशन बंद करायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा ठोके द्यायचे. धडधाकट इंजिनात आकडे १४० ते १७० पीएसआयच्या आसपास येतात. पण एकूण आकड्यापेक्षा आठांमधला फरक महत्त्वाचा, तो पंधरा टक्क्यांच्या आत हवा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी आले तर हेड गॅस्केट. एखाद्या प्लगच्या टोकावर गंज दिसला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, आणि ते बहुतेक वेळा एक्झॉस्टच्या वाटेनं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्यावरचे रायझर ओतीव लोखंडाचे असतात. त्यांच्या पोकळ भिंतीतून समुद्राचं पाणी फिरतं आणि मधून गरम धूर जातो. मीठ त्या भिंती आतून खातं. बाहेरून रंग छान दिसतो, आणि एक दिवस भिंत फुटते, पाणी व्हॉल्व्हवरून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. खाऱ्या पाण्यात या भागांचं आयुष्य पाच ते सात वर्षं धरा. पावती आणि तारीख नसेल तर ते संपलेत असंच समजून दोन्ही बाजूंचे नवे बसवा, आणि त्याची किंमत भावातून वजा करा. मॅनिफोल्ड आणि रायझरच्या सांध्यावरचे गंजाचे ओघळ हा पहिला इशारा असतो. होडी हिट एक्सचेंजरवर चालणारी, म्हणजे ब्लॉकमध्ये वेगळं गोडं पाणी फिरवून ते समुद्राच्या पाण्यानं गार करणारी असेल तर ब्लॉक खाऱ्या पाण्यापासून वाचलेला असतो. अशी होडी थोडी महाग मिळाली तरी घ्यावी.

एक चूक फार महागात पडते: गाडीच्या दुकानातले भाग इंजिनावर बसवणं. ५.७ लिटरचं हे इंजिन मुळात जनरल मोटर्सचं, त्यामुळे स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप, कार्बुरेटर हे गाडीचे भाग बसतातही. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती रस्त्यावर सांडते, होडीत ती तळाशी साचते. मरीन स्टार्टर आणि अल्टरनेटर अशा रीतीनं बंद केलेले असतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवणार नाही. मरीन कार्बुरेटर भरून वाहिला तर पेट्रोल आतच घेतो, गाडीचा बाहेर सांडतो. म्हणून इंजिनघरात उतरल्यावर प्रत्येक भागावरचं लेबल वाचा, आणि गाडीचा भाग दिसला तर मालकाच्या बाकी दुरुस्त्यांवरही विश्वास ठेवू नका. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनघरातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवायचा आणि मग नाकानं वास घ्यायचा, हा नियम अमेरिकन कोस्ट गार्डचा आहे आणि तो एकदाही मोडू नये.

ड्राइव्ह आणि तीन रबरी नळ्या

अल्फा वन हा मर्कुझरचा ड्राइव्ह या होड्यांवर जागोजागी दिसतो. ट्रान्सम आणि ड्राइव्हच्या मध्ये अकॉर्डियनसारख्या घड्यांच्या रबरी नळ्या असतात, त्यांना बेलोज म्हणतात. एक युनिव्हर्सल जॉइंटभोवती, एक एक्झॉस्टची, आणि एक बारीक, गिअरच्या केबलची. युनिव्हर्सल जॉइंटची आणि केबलची नळी पाण्याखाली असते आणि फाटली तर पाणी सरळ होडीत येतं. केबलची नळी लहान म्हणून दुर्लक्षित राहते, आणि बांधलेल्या जागी होड्या बुडतात त्या अशाच भागांमुळे. घड्यांच्या खोबणीत बोटानं रबर ताणून बघा. बारीक चिरा दिसल्या की तिन्ही बदला. चिरा नसल्या तरी पाच वर्षांनी बदलाच.

ड्राइव्ह काढणं अवघड नाही, पण तो पन्नास किलोच्या आसपास असतो, तेव्हा ट्रॉली किंवा दुसरा माणूस हवाच. गिअर फॉरवर्डमध्ये टाका, ५/८ इंचाच्या सॉकेटनं सहा नट काढा आणि ड्राइव्ह सरळ मागे ओढा. आत जिंबल बेअरिंग, म्हणजे ड्राइव्हच्या दांड्याला आधार देणारं बेअरिंग, दिसेल. बोट घालून फिरवा. खरखर लागली किंवा गंजाचं लाल पाणी आलं तर तेही बदला. होडी वळवताना मागून येणारी गुरगुर बहुधा याचीच असते. परत बसवण्याआधी अलाइनमेंट बार घालून बघणं टाळू नका. बार दोन बोटांच्या जोरानं कपलरच्या, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह जोडणाऱ्या भागाच्या, दात्यांत सरकला पाहिजे. अडकत असेल तर इंजिनाचे पुढचे पाय वर-खाली करून जुळवा. हे न करता नट आवळले तर कपलरचे दाते लवकर झिजतात, आणि तो बदलायला आख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. नवे सेल्फ-लॉकिंग नट वापरा, ५० फूट-पाउंडला आवळा.

अल्फामध्ये पाण्याचा पंप ड्राइव्हच्या खालच्या भागात असतो. त्यातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, दर दोन वर्षांनी बदला. जुन्याची एखादी पाकळी तुटलेली निघाली तर तो तुकडा वरच्या नळ्यांत कुठेतरी अडकलेला आहे. तो शोधून काढल्याशिवाय काम संपलं म्हणू नका, नाहीतर नव्या पंपासकट इंजिन तापेल. गिअर ऑइल खालच्या भोकातून सोडा आणि खालूनच भरा, वरच्या भोकातून बुडबुडे न येता ऑइल वाहू लागेपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते आणि ड्राइव्ह अर्धवट कोरडा राहतो. जुनं ऑइल दुधाळ निघालं तर कुठला तरी सील गेलाय. तो शोधायला हवेच्या १०–१५ पीएसआय दाबावर ड्राइव्ह ठेवून साबणाच्या पाण्यानं बुडबुडे बघायचे.

ड्राइव्ह ॲल्युमिनियमचा आणि तळाचा रंग बहुधा तांब्याचा. दोन्ही खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून ड्राइव्हवर तांब्याचा रंग कधीच लावायचा नाही, आणि ट्रान्समवर ड्राइव्हभोवती दीड इंचाची पट्टी रंगाशिवाय सोडायची. बळी जाणारे ॲनोड, म्हणजे ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, खाऱ्या पाण्यात झिंक किंवा ॲल्युमिनियमचे, नदी-तलावात मॅग्नेशियमचे. निम्मे झिजले की बदलायचे. ते रंगवले तर त्यांचा उपयोग शून्य. आणि धक्क्याला बांधून ठेवताना ड्राइव्ह खाली सोडा. वर उचलून ठेवला की बेलोज महिनोन्महिने ताणलेल्या राहतात, शिवाय हायड्रॉलिकचे चकचकीत दांडे उघडे पडून त्यांवर बार्नॅकल नावाचे कवचाचे जीव चढतात.

तळातली भोकं, पंप आणि एक हिशेब

पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर एक इंचाचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला साठ लिटरच्या वर पाणी आत येतं, म्हणजे तासाला साडेतीन हजार लिटरहून जास्त. बिल्ज पंपाच्या, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या, डब्यावर ११०० गॅलन लिहिलेलं असतं, ते तासाला सुमारे ४१०० लिटर होतात. पण तो आकडा पंपाला पाणी वर चढवायचं नसताना, पूर्ण व्होल्टेजवर मोजलेला असतो. चार फूट वर चढवायचं, नागमोडी नळीतून, अर्धवट बॅटरीवर, म्हटलं की निम्म्यावर येतो. म्हणजे एका इंचाच्या एका भोकाला छापील ११०० चा पंप पुरा पडत नाही. दोन हजारांचा बसवा, दुसरा थोडा वर बसवा, नळी आतून गुळगुळीत वापरा, आणि पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचची वायर फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडा, म्हणजे मुख्य स्विच बंद असतानाही पंप चालेल.

पाणी आत घ्यायला किंवा बाहेर सोडायला तळात केलेल्या प्रत्येक भोकावरची झडप हातानं उघडून-मिटवून बघा. हलत नसेल तर ती झडप नाही, नुसता पाइप आहे. साधं पितळ खाऱ्या पाण्यात आतून जस्त गमावून गुलाबी आणि ठिसूळ होतं. ब्राँझच घ्या. आट्यांकडेही बघा: तळातून येणाऱ्या फिटिंगचे आटे सरळ असतात आणि दुकानातल्या साध्या बॉल व्हॉल्व्हचे निमुळते. दोन्ही एकमेकांत दोन-तीन वेढेच धरतात आणि पायाचा धक्का लागला तर तुटतात. खाली फ्लँज असलेली झडप घ्या, तिचे आटे जुळतात. पाण्याच्या रेषेवरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या फिटिंगा उन्हानं कडक होऊन तुटतात, त्याही नव्या करा. पाण्याखालच्या फिटिंगला पॉलियुरेथेन सीलंट, डेकवरच्या सामानाला ब्युटाइल टेप. जी वस्तू पुन्हा कधी काढायची आहे तिला ३एमचं ५२०० हे कायमचं चिकटणारं सीलंट लावू नका, ती निघताना पापुद्रा घेऊन निघते.

पेट्रोल आणि वीज

ही दोन कामं गाद्यांच्या आधी. पेट्रोलच्या नळीवर बनवल्याचं साल छापलेलं असतं. दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर टाकी भरण्याच्या जाड नळीसकट सगळ्या बदला आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्या 'ए१-१५' छापाच्या, म्हणजे आगीत टिकणाऱ्या आणि कमी झिरपणाऱ्या, असलेल्याच घ्या. नळीवर कापड फिरवून कापडाचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर नळी झिरपते. टाकी ॲल्युमिनियमची आणि फोममध्ये गाडलेली असेल तर फोम ओल धरून ठेवतो आणि टाकी खालून खड्डे पडून गळते. वरून काही दिसत नाही, म्हणून टाकी दाबावर तपासून घ्या. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. ते ओल ओढून घेतं आणि फार झालं की पाण्यासकट टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा आणि जुना फिल्टर काचेच्या बरणीत रिकामा करून बघा. खालचा थर वेगळा दिसला तर टाकी उपसावी लागेल.

विजेचं काम बघताना घरगुती एकसंध तारेची वायर किंवा पिळून टोपी घातलेले जोड दिसले तर ते सगळे काढा. थरथराटानं एकसंध तार तुटते. होडीत कल्हई केलेली, अनेक धाग्यांची वायर आणि चिकट आवरणाचे दाबून बसवलेले जोडच टिकतात. नवी वायर ओढताना डीसी निगेटिव्हला पिवळी वायर वापरा. अमेरिकेत एसीची जिवंत वायर काळी असते, आणि जुन्या होड्यांत डीसी निगेटिव्हही काळीच. घाईत गल्लत झाली तर जिवाशी येते. धक्क्यावरून येणाऱ्या ३० ॲम्पियरच्या प्लगचं तोंड तपासा. एका पिनेभोवती प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर तिथे सैल जोड तापतो आहे. प्लग आणि होडीवरचं सॉकेट दोन्ही बदला, एकच बदललं तर जुनं नव्याला जाळतं.

संडासाच्या नळ्यांची परीक्षा सोपी आहे. गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीभोवती गुंडाळा, गार झालं की हुंगा. फडक्याला वास आला तर नळीच मुरलेली आहे, कितीही धुतली तरी केबिनचा वास जाणार नाही. बार्नेगॅट बेमध्ये संडासाचं पाणी, प्रक्रिया केलेलंसुद्धा, सोडायला बंदी आहे. टाकी पंपानं रिकामी करण्याची सोय चालू असलीच पाहिजे.

डेकचा मऊ भाग दुरुस्त करताना

दोन फूट बाय दोन फुटांचा एक डाग धरू. आधी ज्या फिटिंगमधून ओल आली ते काढा, नाहीतर तीन वर्षांत हेच काम पुन्हा. गोल पात्याच्या करवतीची खोली वरच्या पापुद्र्याएवढीच, साधारण इंचाचा आठवा भाग ठेवा आणि चांगला टणक आवाज येतो तिथपर्यंत कापा. पापुद्रा अखंड निघाला तर जपून ठेवा. वरची घसरू नये म्हणून केलेली खरबरीत नक्षी त्यामुळे परत वापरता येते. खालचं ओलं बाल्सा छिन्नीनं काढा, खालचा पापुद्रा फोडू नका. हिटर आणि पंख्यानं चार-पाच दिवस सुकवा, मग ४० ते ६० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा आणि ॲसिटोननं पुसा.

नवं अर्ध्या इंचाचं बाल्सा बसवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ इपॉक्सी पाजा, कारण कोरडं बाल्सा खालच्या चिकट थरातलं रेझिन शोषून घेतं आणि जोड भुकेला राहतो. खाली सिलिका घालून लोण्याइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी खाचदार पट्टीनं पसरा, बाल्सा दाबा, कडांतून इपॉक्सी वर येताना दिसलं पाहिजे. मग वरचा जुना पापुद्रा तसाच चिकटवून वर वजनं ठेवा. कापलेल्या रेषेवर दोन्ही बाजूंना दीड इंच उतार घासून काढा, म्हणजे जाडीच्या बारापट, आणि १७०८ या फायबरग्लासच्या जाड कापडाच्या दोन पट्ट्या भरा, अरुंद आधी, रुंद नंतर. नवा पापुद्रा पूर्ण बनवायचा असेल तर अशा डागाला दीड ते दोन किलो इपॉक्सी लागतं. एकदम कालवू नका. भांड्यात ढीग राहिला की ते स्वतःच्या उष्णतेनं उकळून दगड होतं. थोडं थोडं कालवून पसरट ट्रेमध्ये ओता.

इपॉक्सी सुकल्यावर वर मेणासारखा चिकट थर येतो. तो ॲसिटोननं जात नाही, साध्या पाण्यानं आणि घासणीनं जातो. तो धुवायच्या आधी पॉलिश पेपर मारला तर घाण आत घासली जाते आणि वरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. शेवटी फिटिंगची भोकं पडतात तिथे आधी मोठं भोक पाडून आतलं बाल्सा थोडं कोरा, घट्ट इपॉक्सीनं भरा आणि सुकल्यावर त्याच्या मधोमध खरं भोक पाडा. आता स्क्रू गळला तरी पाणी इपॉक्सीच्या कड्यातच अडेल. कारखान्यानं हे सुरुवातीलाच केलं असतं तर हा परिच्छेद लिहावाच लागला नसता.

कागद आणि पहिली रात्र

पैसे देण्याआधी सॅम्स किंवा नॅम्स संघटनेचा सर्व्हेयर, म्हणजे होड्या तपासणारा तज्ज्ञ, स्वतः नेमा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. जुन्या होडीला विमा देणाऱ्या कंपन्याही हा अहवाल मागतात. ट्रान्समच्या उजव्या कोपऱ्यात बारा अक्षरांचा होडीचा नंबर कोरलेला असतो, शेवटचे दोन आकडे मॉडेलचं साल सांगतात. तो टायटलशी, म्हणजे मालकीच्या कागदाशी, अक्षर न् अक्षर जुळवा आणि कर्जाचा बोजा नाही ना ते बघा. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळानंतर या किनाऱ्यावर बुडालेल्या बऱ्याच होड्या धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेल्या. कपाटाच्या आत, वायरच्या जुडग्यांमागे वाळू किंवा पाण्याची आडवी रेघ दिसते का ते बघा. न्यू जर्सीत होडीवर विक्रीकर निम्म्या दरानं, ३.३१२५ टक्के लागतो, आणि मोटरहोडी चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं.

खरेदीआधीची फेरी पाण्यातच घ्या. पूर्ण थ्रॉटलवर कार्बुरेटरचं ५.७ मिनिटाला साधारण ४४०० ते ४८०० फेऱ्यांपर्यंत गेलं पाहिजे. कमी गेलं तर तळ मळलेला, प्रोपेलर जड किंवा इंजिन थकलेलं. वीस मिनिटं वेगात चालवा, तापमानाचा काटा एका जागी थांबला पाहिजे.

दुरुस्त होऊन होडी पहिल्यांदा पाण्यात उतरेल तेव्हा क्रेनवाल्याला पट्टे सोडू नका म्हणून सांगा. आत जाऊन प्रत्येक झडप, प्रत्येक नळी, ट्रान्समची आतली बाजू कोरड्या टिश्यूनं पुसा. टिश्यू कोरडा राहिला तरच पट्टे सोडायचे. मग धक्क्याला बांधा, बिल्ज पंपाला फेऱ्या मोजणारा काउंटर लावा आणि त्यावरचा आकडा लिहून घरी जा. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आकडा असेल तर बार्नेगॅटला निघा. वाढला असेल तर तळात उतरून सगळं कोरडं करा, खडूची पूड टाका आणि तासाभरानं पूड कुठे ओली होते ते बघा.